पाचशे पन्नास प्रेक्षक

सामना सुरू झाला की ते मैदानाकडे पाठ करून उभे राहत. पायांत खडू घासून पांढरे केलेले कापडी बूट, गळ्यात शिट्टी, काखेत मूठ झिजलेली हॉकी, आणि नजर समोरच्या बघ्यांवर. मागे त्यांचाच संघ जीव तोडून धावत असे आणि हे मात्र मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे एकेक करून वाचत असत. मी वाणिज्य शाखेत नव्याने रुजू झालो होतो, तेव्हा न राहवून त्यांना म्हणालो, "सर, खेळ तिकडे चालला आहे."

"खेळ पोरी पाहून घेतीन," ते म्हणाले. "मी मानसं पाहून राह्यलो."

थोड्या वेळाने ते मागे न वळताच पुटपुटले, "झाला गोल. आपल्यावर." समोरच्या शेंगदाणेवाल्याचा चेहरा उतरला होता, एवढ्यावरून त्यांनी ते ओळखले होते.

गावात त्यांना सगळे हॉकीसर म्हणत. महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे ते एकटेच शिक्षक. मुलगे क्रिकेटकडे वळल्यावर त्यांनी मुलींचा हॉकीसंघ बांधला होता. आमचे मैदान बाजार आणि जीपथांबा यांच्या मधोमध होते. त्याला कुंपण नव्हते. आठवडी बाजाराच्या दिवशी निम्मा तालुका आमच्या मैदानातून आडवा जाई. सर प्रत्येकाला न्याहाळत आणि मला समजावून सांगत.

"हा खाकी पँटवाला पाहिला? याले प्रेक्षक समजू नका. धाड गावाची जीप भरली का हा जाते. थो झाडाखालचा सावलीले उभा आहे. त्या दोघी बाया वझं उतरवून दम खाऊन राह्यल्या. अन् थो पिंपाजवळचा म्हातारा आहे ना, थो खरा."

"तो कसा खरा?"

"त्याची मान पाहा ना. बॉल इकडून तिकडं गेला का मान जाते. ज्याची मान हालते थो प्रेक्षक. बाकीचे नुसते उभे."

मी माना मोजून पाहिल्या. त्या दिवशी मैदानाभोवती दोनेकशे माणसे असावीत. हलणाऱ्या माना एकोणतीस भरल्या.

माणसांची नावे ते सहसा घेत नसत. ज्याला त्याला त्यांनी मैदानावरची एकेक जागा नेमून दिली होती. प्राचार्य हे गोलकीपर, कारण "त्याइच्याकडं जे येते थे लाथेनं परत जाते." ग्रंथपाल लेफ्ट हाफ, चहाच्या टपरीवाला राइट आउट. एकदा प्राध्यापक कक्षात मी त्यांना माझी जागा विचारली.

"तुम्ही राखीव," ते म्हणाले.

"म्हणजे बाकावर बसणारा?"

"हाव. कपडे इस्तरीचे, घाम नाही. पन वाईट नका वाटून घेऊ सर, टीमले राखीवबी लागते."

सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य मनाला लागले आहे हे मला घरी गेल्यावर कळले. त्यात तथ्य होते म्हणूनच ते लागले असावे.

नावांच्या बाबतीत एवढे उदासीन असलेले हे गृहस्थ एका ठिकाणी मात्र नावाशिवाय पुढे सरकत नसत, आणि ते ठिकाण म्हणजे उत्पन्नाचा अंदाज. प्रत्येक विभागाने पुढील वर्षाच्या जमेचा आणि खर्चाचा अंदाज द्यायचा, असा आमच्या संस्थेचा नियम होता. ते सर्व अंदाज तपासून संस्थेपुढे ठेवणाऱ्या समितीचा मी सचिव होतो. इतर विभागांचे कागद टंकलिखित येत. हॉकीसरांचा अंदाज शाळेच्या वहीतून फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत येई. त्यात प्रत्येक रकमेमागे एक माणूस उभा असे.

"कापडवाला, स्टँडसमोरचा. जाहिरात फलक एक. बायको आडवी येईल, तरी देईल."

"औषध दुकान. फलक एक. मागच्या साली रडून दिले. धरावे."

"पहिल्या टीमची राइट इन, आता नाशकात. मागावे लागत नाही."

"पहिल्या टीमची लेफ्ट हाफ, आता पुण्यात. दरवर्षी देईन म्हणते. शून्य."

मी त्यांना म्हणालो होतो, "देईन म्हणणाऱ्यांचे निम्मे तरी धरा. शास्त्र तसेच सांगते."

"निम्मा मानूस कुठी असते का सर?" त्यांनी विचारले.

वर्षअखेरीस त्यांचा अंदाज आणि प्रत्यक्ष जमा यांत चार-पाचशे रुपयांहून अधिक अंतर मी कधी पाहिले नाही. मी अंदाजशास्त्र वर्गात शिकवत असे. माझा स्वतःचा अंदाज एकदाही इतका जवळ गेला नाही.

मला जे सांगायचे आहे ते मात्र त्या वर्षाविषयी, ज्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांचे परिपत्रक निघाले. ज्या उपक्रमांना अनुदान नाही त्यांनी आपल्या खर्चाच्या निम्मे उत्पन्न स्वतः उभे केले पाहिजे, अन्यथा ते उपक्रम बंद करण्यात येतील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हॉकी बंद झाली तर मैदानावर नव्या अभ्यासक्रमाची इमारत उठणार, हे लिहिले नव्हते. पण सर्वांना ठाऊक होते. हॉकीचा वर्षाचा खर्च एक लाख ऐंशी हजार होता. म्हणजे नव्वद हजारांचे उत्पन्न दाखवणे भाग होते.

सरांचे पान आले. विद्यार्थ्यांच्या क्रीडाशुल्कातील वाटा अठरा हजार. सहा फलकांचे नऊ हजार. वार्षिक स्पर्धेत येणाऱ्या आठ संघांची प्रवेश फी आठ हजार. जुन्या खेळाडूंकडून सहा हजार. एकूण एक्केचाळीस. सर्वांत खाली लिहिले होते: "प्रेक्षक. मान हलवणारे तीस-पस्तीस. त्यांच्याकडून पैसे घेणे बरे नाही. शून्य."

मला संघ वाचवायचा होता, हे खरे आहे. आपल्या हातून एकदा काहीतरी घडावे, बाकावरून उठून मैदानात उतरावे, अशीही एक इच्छा मनात होती. या दोन्हींत कोणती मोठी होती, ते मला अद्याप ठरवता आलेले नाही. बाजाराच्या दिवशी सराव सामना होता. मी ग्रंथालयाच्या खिडकीत वही घेऊन बसलो आणि एका तासात मैदानावर दिसलेली डोकी मोजली. पाचशे पन्नास. माणशी वीस रुपयांचे कूपन आणि स्पर्धेचे दिवस पाच. गुणाकार केला, पंचावन्न हजार आले. एक्केचाळीस आणि पंचावन्न मिळून शहाण्णव. आठवड्यात पाच दिवस बाजार भरत नाही, हे मला माहीत होते. त्या पाचशे पन्नासांत धाडच्या जीपची वाट पाहणारे किती, हेही मला शिकवले गेले होते. मी डोकी मोजली. माना मोजल्या नाहीत.

टंकलिखित कागद घेऊन मी क्रीडासाहित्याच्या खोलीत गेलो. त्यांनी तो उभ्याने वाचला.

"हे पाचशे पन्नास कोन?"

"प्रेक्षक."

"नावं सांगा."

"सर, अध्यक्ष नावे विचारत नाहीत. ते बेरीज पाहतात."

"मी इचारून राह्यलो ना."

मी म्हणालो, "हा केवळ अंदाज आहे. अंदाज चुकला म्हणून कोणाला फाशी होत नाही."

"तुमच्या पुस्तकात होत नसन," ते म्हणाले. "मी सही केली का थो माहा शब्द झाला. मंग भरा लागते."

एवढ्यात संघाची कप्तान दारात आली. मोताळ्याची मुलगी, शेवटच्या वर्षाला होती. तिच्या हातात गोलकीपरचे उसवलेले पॅड होते.

"सर, सुतळी आहे का? अन् मुली इचारून राह्यल्या, टीम राहीन ना औंदा? माही माय म्हने, टीम नसन तं होस्टेलात राहून काय करतं, घरी ये."

सरांनी तिला सुतळीचे बंडल दिले. ती उत्तराची वाट पाहत तशीच उभी राहिली.

"राहीन," ते म्हणाले. "जाय, पॅड शिव."

ती गेल्यावर त्यांनी माझ्या खिशातले पेन मागून घेतले आणि सही केली.

संस्थेने अंदाज मंजूर केला. जानेवारीत स्पर्धा झाली. मैदानाभोवती दोर बांधला होता. बाजाराकडच्या बाजूला टेबल मांडून कूपने ठेवली होती आणि त्यामागे मी बसलो होतो. पहिल्या चार दिवसांत दीडशे कूपने गेली. अंतिम सामना बाजाराच्या दिवशी ठेवला होता. माझी सारी भिस्त त्यावर होती. डोक्यावर पोते घेतलेला एक माणूस दोरापाशी येऊन थांबला.

"काऊन बांधला हो दोर?"

"सामना आहे. वीस रुपये."

"मले तिकडं जाचं आहे, थांब्यावर."

"मग सामनाही पाहा."

"मी खेळ पाहाले नाही आलो बापा, जीप पाहाले आलो," तो म्हणाला आणि मागे वळून आपल्या सोबत्यांना ओरडला, "रस्ता बंद आहे बे! मास्तरनं दोर लावला! फिरून चला!"

पाहता पाहता सगळा बाजार रस्त्याने वळसा घालून जाऊ लागला. त्या दिवशी सत्तेचाळीस कूपने विकली गेली. पिंपाजवळच्या म्हाताऱ्याला सरांनी दोर उचलून फुकट आत घेतले. तेवढे झाल्यावर मैदानाच्या कडेला पाहण्याजोगे कोणी उरले नाही. मी त्यांना ओळखत होतो त्या सर्व वर्षांत त्या एकाच सामन्यात सर मैदानाकडे तोंड करून उभे होते. आमच्या मुली तो सामना जिंकल्या.

मार्चअखेरपर्यंत प्रेक्षक देणगीच्या खात्यात पंचावन्न हजार रुपये जमा झाले. कधी चार हजार, कधी सात, अशा हप्त्यांनी ते भरले गेले. विकलेल्या कूपनांचे तीन हजार नऊशे चाळीस होतात, ही आकडेमोड मी केली होती. आणि पुढची आकडेमोड करण्याचे टाळले होते. टाळण्यालाही कष्ट पडले, कारण फेब्रुवारीत सर माझ्याकडे कर्मचारी पतसंस्थेचा अर्ज घेऊन आले होते. पन्नास हजारांचे कर्ज. कारण लिहिले होते, 'गच्ची गळते.' त्यांना जामीनदार हवा होता. त्यांचे घर पत्र्याचे होते, हे मला माहीत होते. मी तिथे अनेकदा चहा प्यायलो होतो. मी जामीनदाराच्या रकान्यात सही केली आणि काहीही विचारले नाही. जाताना ते एवढेच म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं."

एप्रिलच्या बैठकीत अध्यक्षांनी माझे अभिनंदन केले. अंदाज आणि प्रत्यक्ष जमा यांत एका रुपयाचाही फरक नव्हता. "याला म्हणतात नियोजन," ते म्हणाले. मी मान लववून ते स्वीकारले. संस्थेच्या रिवाजाप्रमाणे मागील जमेवर दहा टक्के वाढ धरून पुढचा अंदाज करायचा होता. प्रेक्षक देणगीपुढे साठ हजार पाचशे हा आकडा मी स्वतः लिहिला. लिहिताना हात थांबला होता का, हे मी आठवून पाहिले आहे. थांबला नव्हता.

सरांनी त्यावर सही केली नाही. त्यांनी आपल्या वहीचे पान थेट अध्यक्षांच्या कार्यालयात नेऊन दिले. प्रेक्षक, शून्य. पंचावन्न हजारांवरून एकदम शून्य कसे, असा प्रश्न उठणे स्वाभाविक होते. लेखापरीक्षकाने कूपनांची स्थळपुस्तके, म्हणजे कूपन फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या प्रतींची पुस्तके, उघडली. दोन हजार सातशे पन्नास स्थळप्रतींवर नावे होती आणि विकल्या गेलेल्या एकशे सत्त्याण्णव सोडता बाकी सर्व एकाच निळ्या शाईत, एकाच अक्षरात. नाव ठाऊक नव्हते तिथे खूण लिहिली होती: 'मिरचीवाला, तुटक्या दांडीचा चष्मा.' 'धाडचा, खाकी पँट.' 'पोतेवाला, पाय लंगडतो.'

बैठकीत त्यांना उभे करण्यात आले. मी अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसलो होतो.

"ही नावे कोणी लिहिली?"

"म्याच लिहिली."

"हे लोक सामन्याला आले होते?"

"नाही."

"मग यांचे पैसे कुठून आले?"

"आले. भरले. पावत्या आहेत."

"आणखी किती कूपने छापली होती? त्या पैशांचे काय झाले?"

सरांनी पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. पैसे स्वतःचे होते एवढे त्यांनी सांगितले असते, तर मूळ आकडा कोणाचा, हा पुढचा प्रश्न आला असता. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "प्राध्यापक, मूळ अंदाज तुम्ही तपासला होता ना?"

खिडकीतून डोकी मोजणारा मी होतो, हे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, "सादर केलेल्या माहितीच्या आधारे तपासला होता."

व्याकरणदृष्ट्या, नियमदृष्ट्या त्या वाक्यात दोष काढता येणार नाही. हॉकी बंद करण्याचा ठराव त्याच बैठकीत झाला. कप्तानाची परीक्षा तोवर होऊन गेली होती. तिच्या मागच्या मुलींची खेळायची वर्षे मात्र गेली. बाहेर पायऱ्यांवर सर माझी वाट पाहत उभे होते.

"तुमचं वाक्य चांगलं होतं," ते म्हणाले. "मले नसतं सुचलं."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मला तो परतवता आला असता.

गावात बोभाटा झाला, हॉकीसरांनी कूपने खाल्ली. चहाच्या टपरीवर मी ते माझ्या कानांनी ऐकले आणि कप ठेवून निघून आलो. वर्षभराने ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांनी कर्ज पगारातून फेडले. जामीनदार म्हणून माझ्याकडे पतसंस्थेचे एकही पत्र आले नाही.

याला आता बरीच वर्षे झाली. मैदानावर इमारत उभी आहे आणि तिच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. मागच्या महिन्यात मी हे सर्व लिहून काढले. त्यात सर्वांची खरी नावे घातली, माझे तर सर्वांत आधी. आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी ते त्यांना वाचून दाखवावे म्हणून त्यांच्या घरी गेलो. पत्र्याखाली दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो. ते डोळे मिटून ऐकत होते. स्थळप्रतींचा परिच्छेद आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे काढा लागन सर."

"का? यामुळेच तर तुम्ही पैसे खाल्ले नाहीत हे लोकांना कळेल."

"लोकांचं सोडा. त्या कप्तान पोरीले कळन ना." ते आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि मग सांगू लागले. अंतिम सामन्यानंतर मुली रिकाम्या मैदानाकडे पाहून रडल्या होत्या. जिंकूनही रडल्या. म्हणून पुढच्या काही दिवसांत त्यांनी कोऱ्या स्थळप्रतींवर नावे भरली आणि ती पुस्तके वसतिगृहात नेऊन त्यांच्यासमोर ठेवली होती. "म्हनलं, पाहा, हे सारे लोक येनार होते. काम निघालं म्हनून नाही आले, पन कूपन घेतलं का नाही तुमच्यासाठी? रातभर वाचत बसल्या पोरी. मिरचीवाला म्हने, खाकी पँटवाला म्हने, हसून हसून येड्या झाल्या. आता थे कप्तान शाळेवर खेळाची मॅडम आहे. पोरीइले सांगते, आमच्या टायमाले गावानं पावनेतीन हजार कूपनं घेतली होती. टीम बांधली तिनं तेवढ्यावर."

"पण गाव तुम्हाला चोर समजते."

"समजते तं समजू द्या. माह्यं वय झालं. तिचं आत्ता सुरू आहे."

इतकी वर्षे मी भीतीने गप्प होतो. आता बोलण्याचे बळ गोळा करून आलो होतो, तर ज्याच्यासाठी बोलायचे तोच गप्प राहा म्हणत होता. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्ही मौनांत काही फरक दिसणार नाही, आणि तसे दिसले तर तो माझाच हिशेब आहे.

परिच्छेद राहू द्यावा, पण ती कोण हे कळू नये, एवढ्यावर ते राजी झाले; मी पेन काढले. त्यांचे नाव खोडले, महाविद्यालयाचे खोडले, शेवटी माझेही. कप्तानाचे नाव काढले आणि तिच्या गावाच्या जागी मोताळा लिहिले; ती मोताळ्याची नाही. ते शेजारून पानापानावर बोट ठेवून तपासत होते. एवढे करूनही तिच्या हाती हे पडले तर ती ओळखील, असे मला वाटत राहिले.

"खेळही बदलू का?" मी विचारले. "कबड्डी लिहितो. मग तिलाच काय, कोणालाच काही कळणार नाही."

त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतले. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेले प्रथमच पाहिले.

"नाव काढा, गाव काढा, मले चोर ठेवाचं तं चोर ठेवा," ते म्हणाले. "हॉकी काढाची नाही."